पुसलेले छायाचित्र आणि तीस दिवसांची मुदत

उतारवयात माणसाजवळ दोन गोष्टी साठत जातात, औषधोपचाराचे कागद आणि छायाचित्रे. पूर्वी कागद पिशवीत असत आणि छायाचित्रे अल्बमात. आज या दोन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये मुक्कामाला आल्या आहेत. दिवंगत पतीचा शेवटचा फोटो, नातवाचे बारसे, मधुमेहामुळे चिघळलेल्या पायाच्या जखमेची दर आठवड्याला टिपलेली स्थिती आणि गेल्या महिन्याच्या रक्ततपासणीचा अहवाल हे सारे ‘शुभ सकाळ’च्या शेकडो चित्रांमध्ये मिसळून पडलेले असते. मग एके दिवशी ‘फोन भरला आहे’ अशी सूचना येते, घरातील कोणी तरी साफसफाई करतो आणि नको असलेल्या चित्रांबरोबर हवे असलेलेही निघून जाते.

असे घडले, तर सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक वेळा ते छायाचित्र लगेच नाहीसे झालेले नसते. ते परत आणण्यासाठी मुदत असते आणि ती मुदत दिवसांत मोजलेली असते.

हेमलकशाच्या वाटेवर

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा महाराष्ट्राला परिचित आहे ते लोकबिरादरी प्रकल्पामुळे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हा प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपले आयुष्य तेथील माडिया गोंड बांधवांच्या आरोग्यासाठी दिले. तेथील दवाखान्यात दूरदूरच्या पाड्यांतून, छत्तीसगडच्या सीमेपलीकडूनही रुग्ण येतात. मोठ्या तपासणीसाठी पुढे जायचे, तर आलापल्ली, चंद्रपूर, नागपूर असा लांबचा प्रवास असतो. अशा मुलखात कागदाची पिशवी भिजते, हरवते. म्हणून मुलाच्या फोनमध्ये टिपलेले चिठ्ठीचे छायाचित्र हाच आजारपणाचा इतिहास ठरू शकतो.

भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. अशा वेळी इंटरनेटची वाट पाहत बसलो, तरी फोनमधील मुदत पूर ओसरण्याची वाट पाहत नाही. म्हणून पुढील माहिती जंगलाकाठच्या कुटुंबांना विशेष उपयोगाची आहे. शहरातील वाचकांनाही ती तितकीच लागू पडते.

आधी थांबावे

छायाचित्र पुसले गेल्याचे लक्षात येताच घाईने काहीही करू नये. नवे फोटो, चित्रफिती काढणे थांबवावे, नवे ॲप उतरवू नये आणि ‘जागा मोकळी करा’ अशा कोणत्याही सूचनेवर बोट ठेवू नये. एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: कोणते छायाचित्र, साधारण केव्हाचे, कोणत्या फोनवरचे आणि ते कोणी पाठवले होते की स्वतः काढले होते. शोध घेणाऱ्या मुलाला किंवा शेजाऱ्याला या चार ओळी फार उपयोगी पडतात.

कचरापेटीत पाहावे

घरातील केराच्या बादलीतून एखादी वस्तू परत काढता येते. फोनमध्येही तशीच पेटी असते. तिला कोठे ‘बिन’, कोठे ‘ट्रॅश’, तर कोठे ‘रीसायकल बिन’ म्हणतात.

गूगल फोटोज या ॲपमध्ये ‘कलेक्शन्स’ या भागात बिन असते. ज्या छायाचित्राची प्रत गूगलच्या साठवणीत गेलेली आहे, ते पुसल्यावर ६० दिवस तेथे राहते. जे केवळ फोनमध्येच होते, ते नव्या अँड्रॉइड फोनवर ३० दिवस राहते. सॅमसंगच्या गॅलरीत वेगळी पेटी असून तिची मुदतही ३० दिवसांची आहे. आयफोनमध्ये ‘रीसेंटली डिलीटेड’ नावाचा अल्बम असतो. तेथेही ३० दिवसांचा हिशेब असून तो उघडण्यासाठी फोनचे कुलूप उघडावे लागते. छायाचित्र सापडले की त्यावर बोट दाबून धरावे आणि ‘रिस्टोअर’ किंवा ‘रिकव्हर’ निवडावे. ते आपल्या मूळ जागी परत जाते. फोनच्या स्वतःच्या गॅलरीतील पेटीतून परत आणण्यासाठी इंटरनेटची गरज नसते.

एकाच फोनवर गूगल फोटोज आणि कंपनीची गॅलरी अशी दोन ॲपे असतात, त्यामुळे दोन्हींच्या पेट्या पाहाव्यात. ‘अर्काइव्ह’ आणि ‘हिडन’ हे भागही तपासावेत. तेथे गेलेले छायाचित्र पुसलेले नसते, केवळ नजरेआड असते. ‘एम्प्टी बिन’ या शब्दांवर मात्र बोट पडू देऊ नये.

हरवले की दूर गेले?

कित्येकदा छायाचित्र पुसलेले नसतेच. ‘फ्री अप स्पेस’ ही सोय वापरली की गूगल फोटोज फोनमधील प्रत काढते आणि दूरच्या साठवणीतील प्रत तशीच ठेवते. अशी छायाचित्रे इंटरनेट नसताना धूसर दिसतात किंवा उघडतच नाहीत. आजी घाबरतात, ‘सारे गेले’ म्हणतात. रेंज असलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर ती पुन्हा स्पष्ट दिसतात.

याच्या उलट एक सापळा आहे. ‘गूगलवर प्रत आहे, मग ॲपमधून पुसले तरी चालेल’ असा समज अनेकांचा असतो. गूगल फोटोजमधून पुसलेले छायाचित्र फोनमधून आणि साठवणीतून, दोन्हींकडून जाते. हा फरक घरातील प्रत्येकाला समजावून सांगावा.

नवा फोन घेतल्यावर जुनी छायाचित्रे दिसत नसतील, तर खाते तपासावे. दुकानदाराने नवे खाते उघडून दिलेले असते आणि जुन्या खात्यात सारे सुखरूप असते. मात्र दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. म्हणून जुन्या खात्यात अधूनमधून प्रवेश करीत राहावे.

नात्यांच्या फोनमध्ये शोधावे

छायाचित्र व्हॉट्सॲपवर आले असेल, तर सोपा उपाय माणसांकडेच आहे. ज्याने पाठवले, त्याच्याकडे ते असण्याची शक्यता मोठी. ज्या गटात आले, तेथील दहा जणांपैकी एकाने तरी जपलेले असते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘फाइल्स’ ॲपमधून व्हॉट्सॲप इमेजेस हा कप्पा उघडावा. त्यातील ‘सेंट’ या कप्प्यात आपण इतरांना पाठवलेली चित्रे असतात आणि अनेकांना त्याची कल्पना नसते. कुटुंबाच्या गटात ‘गायब होणारे संदेश’ ही सोय सुरू असेल, तर ती बंद करावी. तिच्या मुदती २४ तास, ७ दिवस आणि ९० दिवस अशा असतात.

मुलीला, भाच्याला, गावातील फोटो स्टुडिओवाल्याला फोन करण्यात संकोच वाटू देऊ नये. या निमित्ताने झालेले बोलणे हाही एक लाभच आहे.

मेमरी कार्ड आणि फोनची स्मृती

पेटीची मुदत संपली असेल, तर पुढील शक्यता छायाचित्र कोठे साठवले होते यावर अवलंबून असते. ग्रंथालयातील सूचिपत्र फाडले, तरी पुस्तक कपाटात राहते. त्या जागी दुसरे पुस्तक आले की मगच पहिले जाते. मेमरी कार्डाचे असेच असते. म्हणून कार्ड ताबडतोब काढून ठेवावे आणि संगणक जाणणाऱ्याकडून फोटोरेक किंवा रेकुव्हासारख्या प्रणालीने तपासून घ्यावे. फोटोरेक विनामूल्य आहे. सापडलेली चित्रे त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर ठेवावीत.

फोनच्या अंतर्गत स्मृतीची गोष्ट निराळी आहे. अलीकडच्या फोनमध्ये माहिती कूटबद्ध असते आणि फाइल पुसली की तिची किल्लीही जाते. त्यामुळे ‘सर्व फोटो परत आणा’ असे सांगणारी बहुतेक ॲपे प्रत्यक्षात जुन्या लहान प्रतिमाच दाखवतात आणि मूळ छायाचित्रासाठी पैसे मागतात. फोन ‘फॅक्टरी रीसेट’ झाला असेल, तर फोनमधून काही परत मिळण्याची आशा धरू नये. साठवणीतील प्रत मात्र तेव्हाही उपयोगी पडते.

अहवालाचे छायाचित्र गेले, अहवाल नव्हे

वैद्यकीय कागदाचे छायाचित्र पुसले गेले, तर घाबरण्याचे कारण नाही. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेथे नाव, दिनांक आणि फोन क्रमांक सांगितल्यास अहवाल बहुधा पुन्हा मिळतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यावर ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी.

तोवर औषधे आठवणीने घेऊ नयेत. घरातील रिकामी पाकिटे, बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे, इन्सुलिन, फिटांची औषधे यांची मात्रा अंदाजाने ठरवणे धोक्याचे असते. पुढील काळासाठी आयुष्मान भारत आरोग्य खाते, म्हणजे ‘आभा’चा १४ अंकी क्रमांक काढून त्याला अहवाल जोडावेत.

मदतीच्या वेशातील चोर

व्याकूळ माणूस लवकर फसतो. ‘आम्ही फोटो परत आणून देतो’ असे सांगून कोणी दुरून फोन हाताळण्याचे ॲप उतरवायला लावले, ओटीपी विचारला किंवा आगाऊ रक्कम मागितली, तर तेथेच थांबावे. त्याच फोनमध्ये निवृत्तिवेतनाचे खातेही असते. पैसे गेले असतील, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर कळवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये असे मांडले, की वृद्धांनी गतायुष्याकडे वळून पाहणे हे मनाच्या ऱ्हासाचे लक्षण नसून ते मनाचे आवश्यक कार्य आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी जुनी छायाचित्रे दाखवून गप्पा मारण्याची पद्धत आज अनेक ठिकाणी वापरली जाते. तिचा परिणाम माफक असला, तरी मन रमते, संवाद टिकतो. तेव्हा वृद्धाच्या फोनमधील एक अस्पष्ट, तिरके छायाचित्र आपल्याला कचरा वाटले, तरी त्याचा निर्णय आपण करू नये. ‘हे काढू का?’ असे प्रत्येक वेळी विचारावे. फोन त्यांचा आहे, आठवणीही त्यांच्याच आहेत.

चूक त्यांच्याच हातून झाली असेल, तर ‘कशाला बोट लावलेत?’ हा प्रश्न टाळावा. ओरडा बसलेला माणूस पुढच्या वेळी सांगतच नाही, आणि तोवर तीस दिवस सरून जातात. छायाचित्र खरोखर मिळाले नाही, तर ‘एका फोटोचे काय एवढे’ असे म्हणू नये. वियोगानंतर असे छायाचित्र जाणे हा पुन्हा एकदा झालेला वियोग असतो. त्यांच्याजवळ बसून त्या छायाचित्रात काय होते, ते सांगायला लावावे आणि वहीत लिहून घ्यावे. झोप, भूक उडाल्यास आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पुन्हा तसे होऊ नये म्हणून

महत्त्वाची प्रत्येक गोष्ट तीन ठिकाणी असावी: फोनमध्ये, दूरच्या साठवणीत किंवा पेनड्राइव्हवर, आणि कागदावर. गूगलची विनामूल्य जागा १५ जीबी असून तीत ई-मेलही मोजले जातात. ती भरली की नव्या प्रती जाणे थांबते, म्हणून अधूनमधून पाहावे. जेथे रेंज अपुरी आहे, तेथील कुटुंबांनी बाजाराच्या किंवा दवाखान्याच्या दिवशी, चांगले इंटरनेट मिळेल तेथे, प्रत गेली की नाही याची खात्री करावी. व्हॉट्सॲपमधील चित्रे आपोआप गॅलरीत साठवण्याची सोय बंद केली, तर शुभेच्छांच्या गर्दीत आपली माणसे हरवत नाहीत.

याशिवाय वीस-पंचवीस निवडक छायाचित्रे छापून घ्यावीत आणि प्रत्येकामागे नाव, ठिकाण, साल लिहावे. ती प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवावीत. पुरात भिजलीच, तर चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळुवार सुटी करावीत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावीत.

हा अंक वाचून झाल्यावर घरातील ज्येष्ठांच्या शेजारी बसून त्यांच्या फोनमधील ती पेटी एकदा उघडून पाहा. कदाचित गेल्या पंधरवड्यात नकळत गेलेले एखादे छायाचित्र तेथे असेल आणि मुदतही अजून उरलेली असेल.