सत्र-स्मृतीतील नक्कल आणि मूळ नोंद

शासकीय कार्यालयांची अनेक कामे आज संकेतस्थळांवरून होतात. कर्मचारी नाव व पासवर्ड देऊन प्रवेश करतो आणि पानामागून पान उघडीत काम करतो. वरवर हे काम अखंड भासते. प्रत्यक्षात सर्व्हरकडे जाणारी प्रत्येक मागणी स्वतंत्र असते; एचटीटीपी या संदेशवहनाच्या नियमांत आधीच्या मागणीची आठवण ठेवण्याची सोय नाही. ही उणीव दूर करण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ साली 'कुकी' ही योजना आणली. प्रवेशाच्या वेळी सर्व्हर एक खूण-क्रमांक देतो. पुढील प्रत्येक मागणीसोबत तो परत येतो व त्यावरून व्यक्तीची ओळख पटते. या कालावधीस 'सत्र' म्हणतात.

प्रत्येक मागणीच्या वेळी मूळ माहितीसाठ्यातून नाव, पद व अधिकार शोधल्यास त्या साठ्यावर भार पडतो. म्हणून ही माहिती एकदाच वाचून तिची नक्कल सत्र-स्मृतीत ठेवण्यात येते. त्यामुळे काम जलद होते. परंतु ती नक्कल होय, मूळ नोंद नव्हे.

फेरफार मंजूर झाल्यावर अभिलेखातील नाव बदलते. आधी काढलेल्या सातबाराच्या उताऱ्यावर मात्र जुनेच नाव राहते. येथेही तसेच घडते. सकाळी प्रवेश केलेल्या कर्मचाऱ्याचे देयके मंजूर करण्याचे अधिकार दुपारी काढून घेतले, तरी जुनी नक्कल असेपर्यंत तो मंजुरी देऊ शकतो. टॉमकॅटमध्ये सत्राची मुदत सर्वसाधारणपणे ३० मिनिटे, तर एएसपी डॉट नेटमध्ये २० मिनिटे असते. तथापि ती शेवटच्या मागणीपासून मोजली जाते. सतत काम करणाऱ्याचे सत्र त्यामुळे संपत नाही.

यास्तव सत्रात खाते-क्रमांक व क्वचितच बदलणारी माहिती तेवढीच ठेवावी. पासवर्ड कदापि ठेवू नये. मंजुरी, स्वाक्षरी, रक्कम यांचा संबंध येईल तेथे अधिकार मूळ नोंदीवरूनच तपासावेत. अधिकारात बदल होताच त्या खात्याची चालू सत्रे रद्द व्हावीत. प्रणाली स्वीकारताना कार्यालयांनी या बाबींची खातरजमा करून घेणे इष्ट ठरेल.

वापरणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. नुसती खिडकी बंद केल्याने सर्व्हरवरील सत्र संपतेच असे नाही. काम आटोपताच रीतसर बाहेर पडावे. बदली, सेवानिवृत्ती किंवा सरपंचपदातील बदल यांची नोंद त्याच दिवशी करावी. मूळ नोंदच जुनी असेल, तर नक्कल ताजी ठेवून काय उपयोग?