गिऱ्हाईक टिकते ते ओळखीने : मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडून घेण्यासारखे

धंदा मालावर चालतो की ओळखीवर, हा वाद आपल्या बाजारपेठेत नेहमी ऐकू येतो. एक म्हणतो, माल चोख असला की गिऱ्हाईक पत्ता विचारत येते. दुसरा म्हणतो, माल सगळ्यांकडे सारखाच असतो, चार माणसे ओळखीची असली की गल्ला भरतो. आमच्या मते हा वादच चुकीचा मांडला जातो. काही धंदे असे आहेत की तेथे ओळख मालाच्या बाहेर नसतेच, ती मालातच उतरलेली असते. हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून आपल्याच बांधवांच्या एका जुन्या धंद्याची हकिकत येथे देत आहोत.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव सतार आणि तंबोरा यांसाठी देशभर ओळखले जाते. सतारमेकर गल्लीतील ही मंडळी मूळची शिकलगार. तलवारींना धार लावणे, हत्यारे घडविणे आणि दुरुस्त करणे हे त्यांचे काम. इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि हत्याराचे काम बसले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेच्या पटवर्धन संस्थानच्या आश्रयाला गवई-बजवय्ये होते. त्यांची वाद्ये उत्तरेकडून येत. एखादे वाद्य बिघडले की ते पुन्हा तिकडे पाठविणे जिकिरीचे. तेव्हा गावातच कोणी हाताचा कसबी माणूस आहे काय, अशी चौकशी झाली आणि ते काम शिकलगारांच्या फरीदसाहेबांकडे आले. दुरुस्ती करता करता वाद्य घडविण्याची कला साधली, असे या धंद्याचे मूळ सांगितले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे लोक दुकान थाटून नव्या धंद्यात शिरले नाहीत. शेजारच्या माणसाची अडचण त्यांच्याकडे आली, ती त्यांनी नीट निवारली, आणि त्यातून नवा धंदा उभा राहिला. आज एखादा धंदा बसला की आपला तरुण प्रथम भांडवलाची चिंता करतो. आपल्या हाताची माहिती कोणाकोणाला आहे, याचा हिशेब तो क्वचितच करतो.

पुढे किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केले. खाँसाहेब स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार होते. गाणारा आणि घडविणारा एकाच गावात, उठता-बसता भेटणारे. अशा सहवासात कारागिराला जे शिकायला मिळते, ते कोणत्याही शाळेत मिळत नाही. खाँसाहेबांचे १९३७ साली निधन झाले. त्यांची कबर मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा भरते. तिकडे अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव होतो. गावाला रेल्वेचे जंक्शन आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी-धारवाड हा सारा गाण्याचा मुलूख रेल्वेने जोडलेला. गवई येत राहिले, आणि येणारा गवई सतारमेकर गल्लीत डोकावल्यावाचून सहसा जात नाही.

जवारी म्हणजे काय

आता ओळख मालात उतरते म्हणजे काय ते पाहू. तंबोऱ्याच्या चार तारा भोपळ्यावरच्या तबलीवर बसविलेल्या घोडीवरून जातात. ही घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार छेडली की ती कंप पावताना या उताराला हलकेच स्पर्श करीत राहते, आणि त्यातून तो भरीव झंकार निघतो. तारेखाली बारीक दोरा सरकवून तो झंकार नेमका जागेवर आणतात. या सगळ्या करामतीला जवारी म्हणतात. घोडीचा पृष्ठभाग केसभर जास्त घासला गेला तर आवाज बिघडतो, आणि केसभर कमी घासला तर तार बोलत नाही.

बरे, एकदा काढली आणि संपले असेही नाही. वाजवून वाजवून तारेने घोडीवर खाचा पडतात आणि जवारी उतरते. मग ती पुन्हा काढून घ्यावी लागते. शिवाय प्रत्येकाचा कान वेगळा. कोणाला खुली, चमकदार जवारी हवी, कोणाला बंद आणि गोल. पुरुष काळी एकच्या आसपास गाणारा असेल आणि बाई काळी चारमध्ये गात असेल, तर दोघांच्या तंबोऱ्याचा आकार वेगळा, तारांची जाडी वेगळी. म्हणजे गिऱ्हाईक कोण, काय गाते, कोणत्या सुरात गाते, त्याला काय रुचते, हे कारागिराला ठाऊक नसेल तर उत्तम लाकूड आणि उत्तम भोपळा असूनही तो तंबोरा त्या गवयाच्या उपयोगाचा नाही. शिंप्याने मापे न घेता शेरवानी शिवावी तसा हा प्रकार. आमच्यातील शिंपी, चप्पल शिवणारे, फर्निचर करणारे बांधव हे लगेच समजतील.

म्हणून आमची पहिली सूचना अगदी साधी आहे. गिऱ्हाइकांची एक वही ठेवावी. नाव, गाव, त्याला काय लागते, मागच्या खेपेस काय केले, पुढचे काम केव्हा निघेल, एवढे लिहिले तरी पुरे. उस्तादांच्या डोक्यात हे सारे पाठ असते, यात शंका नाही. परंतु उस्तादांनंतर दुकानावर बसणाऱ्या मुलाच्या डोक्यात ते आपोआप येत नाही, आणि पंधरा-वीस वर्षांचे गिऱ्हाईक एका पिढीत तुटते. वारशाने दुकान मिळते, हत्यारे मिळतात. ओळख मात्र मुद्दाम सोपवावी लागते. जुने गिऱ्हाईक आले की बापाने मुलाला शेजारी बसवावे, काम त्याच्या हातात द्यावे आणि आपण गप्प राहावे. हे गप्प राहणे आपल्या वडीलधाऱ्यांना फार जड जाते, ही गोष्ट वेगळी!

भोपळा पिकविणारा

गिऱ्हाइकाची ओळख सगळेच मानतात. कच्चा माल देणाऱ्याच्या ओळखीकडे मात्र आपल्या बाजारात कमी लक्ष दिले जाते. त्याच्याशी भाव पाडण्यापुरता संबंध, अशी वृत्ती आहे. मिरजेचा धंदा या वृत्तीवर एक वर्षही चालणार नाही.

सतार-तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू असतो, खाता येत नाही. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, मंगळवेढा या भागात भीमेच्या काठी काही शेतकरी तो पिकवितात. वाद्याला हवा तसा मोठा, गोल, जाड कवचाचा भोपळा मिळायला वेलावर पुरेसा काळ राहू द्यावा लागतो आणि मग महिनोन् महिने वाळवावा लागतो. अवकाळी पाऊस झाला, नदीचे पाणी शेतात शिरले की वर्षाचे पीक हातचे जाते. आणि कारागिराने घेतला नाही तर हा भोपळा विकायचा कोठे? मंडईत त्याला विचारणारा कोणी नाही. उलट शेतकऱ्याने उद्या उसाचे पीक घ्यायचे ठरविले तर कारागिराने भोपळा आणायचा कोठून? कारखान्यात तो होत नाही.

दोघेही एकमेकांच्या हाती अडकलेले. अशा ठिकाणी जो भाव पाडतो तो आपल्याच पुढच्या वर्षाचा माल बुडवितो. पीक बरे आले नाही त्या वर्षी चार बारके, वाकडे भोपळेही उचलावेत. बारक्या भोपळ्याचे लहान वाद्य होते, फार तर लहान मुलांच्या शिकण्याची सतार होते. शेतकऱ्याच्या घरी लग्नकार्य असेल तर हजर राहावे. मालाचे पैसे ठरल्या दिवशी द्यावेत, आणि जमत नसेल तर दिवस उलटण्याच्या आधी जाऊन सांगावे. पैसे थकल्यावर तोंड चुकविणारा व्यापारी पैशापेक्षा अधिक काही गमावतो. शेतकऱ्याला पुढच्या हंगामात चांगला भोपळा कोणासाठी बाजूला ठेवायचा हे ठरवायचे असते, आणि ते तो मनात केव्हाच ठरवून टाकतो.

उधारीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ओळख आहे म्हणून लिहायचे नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ‘घरचाच माणूस आहे, त्याच्याशी काय कागद करायचा?’ असे म्हणून व्यवहार तोंडी होतो, आणि दोन वर्षांनी घरच्याच माणसाशी बोलणे बंद होते. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत सूरह बकराची, आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार घेण्याविषयी आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना नव्याने सांगायला नको. लिहिण्याने ओळखीचा अपमान होत नाही, उलट ती टिकते.

गल्लीतले भाऊबंद

एकाच गल्लीत, एकाच कामाची, बहुधा एकाच नात्यागोत्यातली दुकाने. येथे मैत्री आणि स्पर्धा शेजारी शेजारी नांदतात. एकाकडे दांडी आणि भोपळा जोडण्याचे काम उत्तम होते, दुसऱ्याचा हात नक्षीत बसलेला असतो, तिसऱ्याचा पॉलिशमध्ये, आणि जवारी काढणारा कान सगळ्यांनाच असतो असे नाही. म्हणून काम एकमेकांकडे जाते-येते. यात ज्याने भावाच्या दुकानात बसलेले गिऱ्हाईक पन्नास रुपये कमी सांगून ओढले, त्याला अडचणीच्या वेळी कोणी हात देत नाही. ही गोष्ट भिवंडीच्या मागवाल्यांना आणि मालेगावच्या बाजारालाही लागू पडते.

आता तर कायद्यानेच भाऊबंदांना एकत्र बसविले आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्हींची नोंदणी स्वतंत्रपणे आणि कारागिरांच्या संघटित संस्थांच्या नावाने झाली आहे. १९९९ च्या कायद्यानुसार हे मानांकन कोणा एकट्या दुकानदाराच्या मालकीचे होऊच शकत नाही. ते त्या भागातील सर्व उत्पादकांचे असते. एका दुकानातून कच्च्या लाकडाची, चिरणारी सतार ‘मिरजेची’ म्हणून गेली तर बदनामी गल्लीची होईल. तेव्हा शेजारचा काय घडवितो याच्याशी आपला संबंध नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

दलाल, मोबाइल आणि दूरचे गिऱ्हाईक

आज सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. तंबोऱ्याचा आवाज देणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र निघाले, आणि मोबाइलवर तर तो फुकट वाजतो. रियाजापुरते पुष्कळांचे त्यावर भागते. त्यामुळे कारागिराच्या वाट्याला जे गिऱ्हाईक उरते ते जाणकार असते, आणि जाणकाराला माणूस लागतो. असे असताना मोठ्या शहरातील दुकानदाराच्या हाती वाद्ये सोपवून मोकळे होणे धोक्याचे आहे. दुकानदार आपले लेबल लावतो, घेणाऱ्याला घडविणारा कोण ते कळत नाही, दोन वर्षांनी जवारी उतरली की तो दुकानात जातो, आणि दुकानदार कोणाकडून तरी घासून घेतो. एकरकमी पैसे हाती आले, पण पुढची वीस वर्षांची दुरुस्ती आणि त्या गवयाच्या शिष्यांची खरेदी गेली. दुकानदाराशी व्यवहार करू नये असे आमचे म्हणणे नाही. पण वाद्यावर, दिसेल अशा जागी, घडविणाऱ्याचे नाव, साल आणि फोन नंबर असावा, ही अट घालण्यास लाजू नये.

मोबाइलला दोष देण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या शिष्याने तंबोऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठविला आणि मिरजेत बसलेल्या कारागिराने दोरा किती सरकवायचा ते सांगितले, तर ती ओळखच झाली. ऑनलाइन पैसे येतात तेव्हा पावतीबरोबर दोन शब्द लिहावेत. वाद्य पोहोचल्यावर आठवड्याने विचारावे, आवाज बसला का, हवामानाने खुंट्या सैल झाल्या का. ज्याचे पैसे आधीच मिळालेले आहेत अशा माणसाला विचारलेला हा प्रश्न तो विसरत नाही.

शेवटी शेजाऱ्यांचे. या गल्लीचे गिऱ्हाईक कोण? गवई, कीर्तनकार, भजनी मंडळे, संगीत शिकणारी मुले-मुली. त्यांत हिंदू बांधवांची संख्या मोठी आहे. भोपळा पिकविणाराही बहुधा हिंदू शेतकरी. २००९ च्या सप्टेंबरात मिरजेत दंगल उसळली, संचारबंदी लागली. अशा दिवसांत शटर खाली असते, पाटीचा उपयोग नसतो आणि अफवांना ऊत येतो. तेव्हा ‘तुमचे कसे चालले आहे?’ असे विचारणारा फोन ज्या घरात येतो आणि ज्या घरातून जातो, त्या घराने तो आधीच्या साध्या दिवसांत कमावलेला असतो. ईदचा शीरखुर्मा, दिवाळीचा फराळ, दवाखान्यात भेटायला जाणे, मयतीला खांदा देणे, हे व्यापार म्हणून केले तर समोरच्याला लगेच कळते. रोजचे शेजारपण म्हणून केले तर कोणी त्याची नोंदही घेत नाही, आणि तसेच ते असावे.

मानांकनाविषयी एक व्यवहाराची गोष्ट राहिली. नोंदणी संस्थेच्या नावाने असली तरी प्रत्येक कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करून घेता येते. त्यासाठीचा अर्ज चेन्नई येथील भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे जातो. ज्यांनी तो अद्याप केला नसेल त्यांनी आपल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटावे, आणि शेजारच्या दुकानातील वयस्क कारागिराला फॉर्म भरता येत नसेल तर त्याचाही भरून द्यावा.