जाळीचं कपाट, पायाकडून वर
मोडकं-तोडकं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण भंगारातलं लाकूड नखाने, वजनाने आणि वासाने कसं ओळखायचं ते पाहिलं. आज त्याच लाकडाचं एक अख्खं कपाट दुरुस्तीला घेऊ.

पुण्यात पेठेतला एक वाडा पाडत होते. तुळया, चौकटी, दारं कधीच विकली गेली होती. ढिगाऱ्याशेजारी उरलं होतं ते पोपटी ऑइलपेंट फासलेलं, एका अंगाला कललेलं दूधदुभत्याचं जाळीचं कपाट. साडेचार फूट उंच, दोन दारं, आत तीन फळ्या. अडीच हजार सांगितले, पंधराशेला दिलं. टेम्पोवाल्याने आठशे घेतले. जिना चढवताना एक दार निखळून माझ्या हातात आलं.

असं कपाट घरी आलं की हात शिवशिवतात, लगेच काचकागद घेऊन बसावंसं वाटतं. बसू नका. त्याच्याखाली काळा कागद अंथरा आणि पंधरा दिवस नुसतं बघा. कागदावर पिठासारखी बारीक पूड पडली, तर आत किडा जिवंत आहे. बाकी सगळं सोडून आधी त्याचं औषध सुईने छिद्रांत भरायचं. सागाचा आतला गाभा किडीला सहसा दाद देत नाही. पण कडेच्या फिकट लाकडात स्टार्च असतो, तो किड्याला आवडतो. माझ्या कपाटाला मागच्या फळीत सात-आठ छिद्रं होती, सगळी फिकट पट्ट्यात. पूड पडली नाही. किडा जेवून केव्हाच गेला होता.

मग पेचकसाचं टोक घेऊन कपाटभर टोचत फिरायचं. वर सगळीकडे लाकूड टणक लागलं. पायांशी मात्र टोक अर्धा इंच सहज आत गेलं, तेही चारही पायांना, सारख्याच उंचीपर्यंत. कारण सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं : "अगं, वाट्यांत उभं असायचं ना ते." मुंग्या चढू नयेत म्हणून अशा कपाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. लाकडाचा कापलेला शेंडा म्हणजे बारीक नळ्यांची मोळीच. ती खालून पाणी ओढत राहते. सागसुद्धा किती वर्षं दम धरणार!

इथेच खर्चाचं गणित ठरतं. पॉलिश आपण शिकत शिकत करू शकतो, बिघडलं तर पुसून पुन्हा करता येतं. पाय चुकला तर कपाट जन्मभर डुगडुगतं. म्हणून मिस्त्रींना एक दिवस बोलावलं, तो फक्त पायांसाठी. त्यांनी कपाट पाठीवर आडवं केलं, चारही पाय दोन इंच कापले आणि त्याच वाड्यातल्या मोडक्या चौकटीचे तुकडे मधे लाकडी खुंटी घालून जोडले. जुन्या सागाला जुनाच साग, त्यामुळे रंगही जुळला. मी खिळ्यांचा डबा पुढे केला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. "ताई, खिळा मारला की सांधा पुन्हा उघडायचा नाही."

ते किती खरं, हे दारांपाशी कळलं. जुन्या दाराची चौकट कूस आणि साल अशी एकमेकांत बसवलेली असते, आणि चिकटवलेली असते सरसाने. सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला डिंक. तो गरम पाण्याने पुन्हा मऊ होतो. सांध्यावर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवायचं आणि दम धरायचा. पहिला सांधा वीस मिनिटांनी उघडला. दुसऱ्यात मधल्या काळात कुणीतरी दोन खिळे ठोकले होते; तो सोडवताना लाकडाची ढलपी निघाली.

सांधा उघडला की जुना सरस पटाशीने पूर्ण खरवडायचा, कारण त्याच्यावर फेविकॉल धरत नाही. साग तेलकट असतो, म्हणून थिनरचा बोळाही फिरवायचा. मग फेविकॉल लावून कूस बसवायची. शिकंजे नव्हते, तेव्हा नायलॉनच्या दोरीचा वेढा दिला आणि त्यात लाटणं घालून पीळ भरला. दार काटकोनात आहे की नाही, हे टेपने बघता येतं : दोन्ही कर्ण सारखे भरले की झालं. माझ्या दारात चार मिलिमीटरचा फरक होता. लांब कर्णाच्या दिशेने हळूच दाबलं, जमलं. एक दिवस तसंच ठेवलं.

आता रंग. पोपटीखाली निळा, निळ्याखाली तपकिरी पॉलिश. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणून असा रंग कोरडा घासायचा नाही, भाजून काढायचा नाही. रिमूव्हर लावून, फुगलेला थर ओला असतानाच पत्र्याने ओढून काढायचा. तोंडावर चांगला मास्क, हातात मोजे, खाली प्लास्टिक आणि मुलं दुसऱ्या खोलीत. कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो, पण तो साग काळवंडतो आणि सांधेही ढिले करतो.

खालचं तपकिरी पॉलिश कसलं, हे स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने कळतं. मिनिटभर दाबून धरला आणि जागा चिकट झाली, तर ते लाखेचं. माझं लाखेचंच निघालं. म्हणजे ते खरवडायचंही कारण नव्हतं. स्पिरिटने मऊ करून त्यावरच नवा हात देता येतो, दोन्ही थर एकजीव होतात.

नवं पॉलिश घरीच केलं. १०० ग्रॅम लाखदाणा अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घातला, सकाळी फडक्यातून गाळला. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून त्याने पातळ पातळ हात द्यायचे. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आणि एकदा गेलेल्या जागी लगेच परत न जाता. मी सहा हात दिले. चौथ्या हाताला सागाच्या रेषा अशा उजळल्या की मी चहा विसरले. हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत लाखेवर पांढरट झाक धरते. आणि आतल्या फळ्यांना बेलतेल लावू नका. बंद कपाटात त्या जवसाच्या तेलाचा वास महिनोन्‌महिने जात नाही.

भेगांमध्ये भुसा आणि फेविकॉल कालवून भरायचा मोह मला झाला. एका भेगेत भरलाही. फेविकॉल लागलेलं लाकूड रंग पीत नाही, त्यामुळे ती भेग आता आधीपेक्षा जास्त दिसते. बाकीच्या तशाच ठेवल्या.

गंजलेली जाळी काढून नवी जस्ताची जाळी ताणून बसवली, जुन्याच पट्ट्या उलट्या करून वर ठोकल्या. हिशेब असा : कपाट १५००, टेम्पो ८००, मिस्त्री १२००, जाळी ३५०, लाखदाणा-स्पिरिट ४५०, बाकी सटरफटर ६००. एकूण ४९०० रुपये आणि माझे पाच रविवार.

कपाट स्वयंपाकघरात उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गुळाच्या डब्यापर्यंत मुंग्यांची रांग! सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चार खोलगट वाट्या काढल्या, प्रत्येकीत एक छोटी वाटी उपडी घातली, तिच्यावर पाय टेकवले आणि बाहेरच्या वाटीत पाणी ओतलं. पूर्वी मधे उंचवटा असलेल्या चिनीमातीच्या वाट्याच मिळत, म्हणाल्या. पाणी भोवती राहतं, पाय कोरडा राहतो. आमच्या कपाटाला तेवढ्या वाट्या मिळाल्या असत्या, तर मिस्त्रींचे बाराशे वाचले असते.

(पुढील आठवड्यात : वेताची खुर्ची. बैठक फाटली म्हणजे खुर्ची गेली असं नाही.)