महासाथीतील बदलते धोरण : भिलाईचे उदाहरण

महासाथीत सार्वजनिक आरोग्याचे धोरण रोगाच्या वेगाबरोबर आणि हाती असलेल्या साधनांनुसार बदलावे लागते. कोविड-१९ च्या काळात छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाईत हे दिसून आले.

पहिला टप्पा संसर्ग रोखण्याचा होता. लस नसल्याने २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या अवधीत चाचण्या, विलगीकरण आणि खाटा वाढवण्यावर भर राहिला.

एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत दुर्ग जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी आली. पण आता खरा तुटवडा प्राणवायूचा होता. तो पोलाद कारखान्यांतून मिळू शकत होता; तेथे हवा अतिथंड करून तिच्यातील प्राणवायू वेगळा काढतात. उणे १८३ अंश सेल्सिअसखाली तो द्रवरूप राहतो आणि टँकरने दूरवर नेता येतो. केंद्राने २२ एप्रिलपासून प्राणवायूच्या औद्योगिक वापरावर निर्बंध घातले. भिलाई पोलाद कारखान्यातूनही रुग्णालयांसाठी द्रवरूप प्राणवायू गेला.

दुसऱ्या लाटेआधीच, १६ जानेवारी २०२१ रोजी, लसीकरण आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले होते. मे महिन्यात १८ वर्षांवरील गटासाठी छत्तीसगडने अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांच्या) शिधापत्रिकाधारकांना अग्रक्रम दिला. उच्च न्यायालयाने त्यावर आक्षेप घेतल्यानंतर इतर गटांनाही वाटा देण्यात आला. २१ जूनपासून केंद्राने १८ वर्षांवरील सर्वांसाठी राज्यांना मोफत लस पुरवण्यास सुरुवात केली.