पापुआच्या भाषा : मोजक्या धातूंची कलम

पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा आहेत. त्यांतली एकच आज जवळून पाहू. मदांग प्रांतातल्या उंच डोंगराळ भागात, सिंबाई आणि कायरोंक खोऱ्यांच्या परिसरात कलम भाषा बोलतात. बोलणारे सुमारे वीस हजार. अँड्र्यू पॉली यांनी अनेक दशके या भाषेचा अभ्यास केला, आणि जगभरच्या अभ्यासकांना तिची ओळख झाली ती मुख्यतः तिच्या क्रियापदांमुळे.

कलममध्ये क्रियापदांचे धातू आहेत अवघे १३० च्या आसपास. त्यांतही रोजच्या बोलण्यातली जवळपास नव्वद टक्के क्रियापदे पंधराएक धातूंवरच भागतात. मग बाकीचे जग सांगायचे कसे? धातूंमागे धातू ओवून. ‘मी सरपण आणले’ एवढेच सांगायचे असले, तरी कलम माणूस म्हणतो : मी जा–लाकूड–मार–घे–ये–ठेवले. अम, मोन, पक, द, अप, अय. यात ‘मोन’ म्हणजे लाकूड, बाकी सगळे धातू, आणि काळ-पुरुषाचे प्रत्यय फक्त शेवटच्या ‘अय’ला. आपण ‘जाऊन, तोडून, घेऊन, येऊन’ असे दरवेळी ‘-ऊन’ जोडतो. इथे नुसते धातू एकमेकांना खेटून उभे राहतात. ‘आणणे’ असा स्वतंत्र धातू नाही, ‘द अप’ म्हणजे घे-ये. आपले ‘घेऊन ये’ याच वळणाचे आहे.

‘नङ्’ हा धातू पाहा. जाणणे, दिसणे, ऐकू येणे, वाटणे, सगळे त्याच्यात. डोळा-नङ् म्हणजे पाहणे, कान-नङ् म्हणजे ऐकणे. ‘खा’साठी असलेला धातू त्याच्या आधी आला की चव घेणे, ‘घे’ आला की चाचपून पाहणे. आणि ‘बोल’ आला की विचारणे! बोलून जाणून घेणे म्हणजेच विचारणे, हे मला फार आवडते.

धातू थोडे म्हणून भाषा दरिद्री, असे कोणी म्हणाले तर ते मुळीच मानू नये. पॉली यांनी दाखवले आहे की कलम निवेदक घटना सांगताना तिचे टप्पे सहसा गाळत नाही : कुठे गेला, काय केले, काय घेऊन परतला, पुढे त्याचे काय केले. आपण ‘शिकार केली’ म्हणून मोकळे होतो. त्याला तेवढ्यावर थांबता येत नाही. शिवाय नामांची तर रेलचेल आहे. सेम मजनेप या कलम अभ्यासकाने राल्फ बुल्मर यांच्याबरोबर आपल्या मुलखातल्या पक्ष्यांवर लिहिलेले पुस्तक १९७७ साली निघाले. पॉली आणि बुल्मर यांचा कलम शब्दकोश २०११ साली आला, तोही पशुपक्षी आणि वनस्पतींच्या नावांनी भरलेला.

वाक्ये जोडण्याची रीतही नेटकी आहे. मराठीत ‘-ऊन’ आला की पुढचा कर्ता बहुधा तोच असतो, तो बदलला तर आपण ‘तो आल्यावर मी निघालो’ म्हणतो. कलममध्ये हा भेद पक्का. पुढच्या क्रियेचा कर्ता तोच की दुसरा, हे आधीच्याच क्रियापदाचा प्रत्यय सांगून टाकतो. ऐकणाऱ्याला पुढचे नाव येईपर्यंत थांबावे लागत नाही.

आणखी एक नवल. डोंगरमाथ्यावरच्या जंगलात केवड्याच्या कुळातल्या एका झाडाची फळे काढायला आणि खायला गेले की कलम लोक नेहमीचे शब्द टाळतात आणि वेगळीच शब्दसंपत्ती वापरतात. व्याकरण मात्र तेच राहते : प्रत्ययही तेच आणि धातूंची ओवणीही तीच.