सामाईक विहीर, पाण्याची पाळी आणि कायदा

अंधेरी-बोरिवलीत राहणाऱ्या अनेकांचे गावी सातबाऱ्यावर नाव असते आणि सामाईक विहिरीत हिस्साही. भांडण बहुधा उन्हाळ्यात पेटते: एक भाऊबंद पाळी सोडत नाही, दुसरा बांधावरून पाइप नेऊ देत नाही.

अशा वेळी आधी सातबाऱ्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना पाहावा. विहिरीतला चार आणे, आठ आणे असा हिस्सा तिथे नोंदलेला असतो. नोंद नसेल, तर वाटणीपत्र किंवा जुने खरेदीखत काढावे.

चालू पाणी कोणी अडवले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र अडवणुकीपासून ६ महिन्यांच्या आत. हक्काचे पाणी शेजाऱ्याच्या शेतातून न्यायचे असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४९ आहे. तहसीलदार शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून पाट किंवा पाइप नेण्याची परवानगी देऊ शकतो. त्या वेळी शक्यतो जवळचा मार्ग धरला जातो आणि अर्जदाराला शेजाऱ्यास नुकसानभरपाई द्यावी लागते.

मालकी किंवा हिस्साच वादात असेल, तर दिवाणी न्यायालय गाठावे लागते.

आणि एक लक्षात ठेवा: राहता मुलुंडला किंवा घाटकोपरला, तरी अर्ज जमीन ज्या तालुक्यात आहे तिथल्याच तहसीलदाराकडे करायचा. तेव्हा ‘मे महिन्यात गावी गेल्यावर बघू’ म्हणत मुदत घालवू नका.