दोन ते दहा, गेटवर

दुपारी १.४५
दौंड-मनमाड मार्गावरचं एक फाटक. जानेवारी महिना, गाळप ऐन भरात. गेटमन मामांची पाळी दोनची, पण ते पंधरा मिनिटं आधीच येतात. चार्ज घ्यायचा असतो. लाल झेंडे, हिरवा झेंडा, हातदिवा, शिट्टी, साखळी, कुलपं. डब्यातले, धोका असला की रुळावर लावायचे दहा फटाके एकेक मोजून, वरचं साल वाचून. मग रजिस्टरमध्ये सही. गेटच्या खोलीत बाहेरच्याला बसता येत नाही. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. तिथून सगळं दिसतं, फोनही ऐकू येतो.

२.१५
पहिलं काम खाच साफ करायचं. रस्ता रूळ ओलांडतो तिथं रुळाच्या आतल्या अंगाला बोटं जातील एवढी फट ठेवलेली असते. गाडीच्या चाकाची कड तिच्यातून जाते. उसाच्या ट्रॉल्या गेल्या की फटीत कांडी, चिखल, खडी भरते आणि टायरखाली दबून घट्ट बसते. भरलेल्या खाचेवरून रेल्वेचं चाक उचललं जाऊ शकतं. मामा उकिडवे बसून लोखंडी आकडीनं उकरतात. दोन लाइनी, चार खाचा. घमेलंभर चोथा निघाला. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला.

२.५०
फोन. स्टेशन मास्तर गाडी सांगतात. मामा हँडल फिरवतात, दोन्ही दांडे खाली येतात, कुलूप लागतं. मग फोनवर कागदावरचा नंबर वाचून दाखवायचा: "सात, तीन." फाटक लागल्याशिवाय गेटचा सिग्नल हिरवा होत नाही, आणि सिग्नल हिरवा असेतो फाटक उघडत नाही. ही सांगड मामांच्याही हातात नाही. ट्रकवाल्यांना ते पटत नाही.

"मामा, गाडी तर दिसंना. सोडा की."

"दिसल्यावर सोडू का?"

ट्रकवाला पहाटे चारपासून चाकावर आहे. त्याला पगार नाही, खेपेवर पैसे. कारखान्याच्या यार्डात नंबर मागं गेला की रात्र तिथंच जाते, आणि उभ्या गाडीत ऊस वाळून वजन घटतं. म्हणून इथली नऊ मिनिटं त्याला जड जातात. मला त्याचा राग येत नाही. पण दांड्याखालून वाकून मोटारसायकल नेणाऱ्या दोघांचा आला. त्यातल्या एकाच्या पुढ्यात लहान पोर बसलेलं होतं.

मालगाडी धडधडत गेली. भरलेल्या मालगाडीला ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटरभर जातं, आणि बाजूला वळायची तर तिला सोयच नाही. ती गेल्याबरोबर सगळ्यांनी किल्ल्या फिरवल्या. मामा हलले नाहीत. दुसऱ्या लाइनीवरून एक्सप्रेस यायची होती.

४.३०
फाटकाच्या अलीकडे लोखंडी चौकट आहे, उंची ४.६७ मीटर. पुढं रुळावरच्या तारेत २५,००० व्होल्ट. एका ट्रकचा वरचा थर चौकटीला घासला. मामांनी ट्रक तिथंच मागं घ्यायला लावला आणि वरच्या मोळ्या उतरवायला सांगितल्या. क्लीनर कुरकुरत चढला. चार मोळ्या रस्त्याकडेला पडल्या. पाच मिनिटांत त्यातली एक पोरांनी पळवली.

५.४०
टपरीवर चहा, दहा रुपये. ट्रकवाल्यांत बोदवडचा विषय निघाला. मार्च २०२५मध्ये तिथं उड्डाणपूल झाल्यावर बंद केलेल्या फाटकात धान्याचा ट्रक घुसला आणि मुंबई-अमरावती एक्सप्रेसनं त्याला उडवलं. जीवितहानी झाली नाही. मामांना मात्र त्याच वर्षीचं तमिळनाडूतलं कडलूर आठवतं. ८ जुलैला शाळेच्या व्हॅनला गाडी धडकली, तीन मुलं गेली, गेटमनला अटक झाली. त्या फाटकाला सिग्नलची सांगड नव्हती. "सगळं फोनवर आणि माणसावर," एवढंच म्हणून मामा खोलीत गेले.

७.०५
अंधार पडलेला. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर रुळावर आला आणि मागची ट्रॉली सुटली. जोडाची पिन निसटली होती. मोळ्या घसरून रुळावर पडल्या.

मामांनी आधी फोन केला. दोन्ही बाजूंच्या गाड्या रोखा. एक मालगाडी अलीकडच्या स्टेशनवरून निघालेली होती. गेटचा सिग्नल लाल होता, पण त्या खांबावर 'जी' अक्षराची पिवळी पाटी आहे. रात्री अशा सिग्नलपाशी दोन मिनिटं थांबून ड्रायव्हर हळूहळू फाटकापर्यंत येऊ शकतो. मामांनी लाल दिवा रुळामध्ये ठेवला, फटाक्यांचा डबा काखेत मारला आणि हातदिवा घेऊन खडीवरून पळत सुटले. पन्नाशी उलटलेला माणूस. इकडं बीडकडच्या ऊसतोड टोळीतल्या दोन बाया काही न बोलता मोळ्या ओढू लागल्या. गेटचीच पहार लावून ट्रॉली वळवली, पिन बसवली. लांब इंजिनाचा दिवा दिसला आणि सिग्नलपाशी थांबला. शिट्टी वाजली.

ट्रॅक्टर निघाला. मामा धापा टाकत आले आणि पुन्हा आकडी घेऊन खाचेपाशी बसले. कांडीचा शेवटचा तुकडा निघाल्यावरच फाटक लावलं.

७.४०
ड्रायव्हर हात जोडून उभा. वीस-बावीसचा असेल. "मामा, नंबर लिहू नका. मालक पैसे कापंल."

"गाडी का थांबली, ते मला सांगावं लागतं, बाळा."

नंबर लिहिला. मग बॅटरी घेऊन मामा स्वतः जोड बघायला गेले. दहा रुपयांची कॉटर पिन लागते, तिथं तार गुंडाळलेली होती. ट्रॉल्या मालकाच्या. ऊस कारखान्याला जाणार. रजिस्टरात नंबर गेला तो ट्रॅक्टरचा, आणि पैसे कापले जाणार या पोराचे. मला हे सहन झालं नाही, पण रजिस्टरात तारेसाठी रकाना नाही.

८.३०
डबा: भाकरी, मेथी, ठेचा. दोन घास झाले की फोन.

९.५०
पुढचा गेटमन आला. झेंडे, दिवा, साखळी. फटाके दहाच्या दहा. डावीकडचा दांडा शेवटी अडकतो, हेही सांगून झालं. त्यानं सही केली. मामांनी डबा सायकलला अडकवला आणि परत वळले.

"तो डबल ट्रॉलीवाला साडेअकराच्या सुमाराला रिकामा परत येईल. त्याला अलीकडंच थांबव. पिन बघ. तार असली तर एकेक ट्रॉली ओढायला लाव."